एका ओळीची दुरुस्ती आणि दोन दिवसांची तपासणी

दिवाळीत सेलू तालुक्यातल्या मामांच्या गावी गेलो असताना माझ्याकडे तपासणीसाठी एक पॅच, म्हणजे प्रोग्राममध्ये सुचवलेला बदल, आला होता. फाइल सिस्टीमची चाचणी घेणाऱ्या एका स्क्रिप्टमधली, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांच्या फाइलमधली, एकच ओळ त्यात बदललेली होती आणि त्या ओळीतले शब्दही जुनेच होते. फक्त शेवटच्या दोन तुकड्यांची आपसांत अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशीही मी ओसरीवर लॅपटॉप उघडून त्याच ओळीसमोर बसलेला पाहून, तलाठी म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी विचारले, “दोन दिवस झाले, एका ओळीत काय बघायलास एवढं?” मी म्हणालो, “मामा, तुम्ही एकशेपंचावन्नची दुरुस्ती डोळे झाकून दप्तरात घेत होतात का?” ते हसले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांना त्या दुपारी जे सांगितले तेच येथे जरा व्यवस्थित मांडत आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १५५ हे अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. सातबारावर नावाची वेलांटी चुकली, आकड्यांची उलटापालट झाली, जुन्या नोंदीवरून नवी उतरवून घेताना एक अक्षर गळाले, तर त्यासाठी दिवाणी दावा लावण्याचे कारण नसते. मात्र वेलांटी सुधारणारा आदेश आणि एखाद्या बहिणीचे नाव सातबारावरून उडवणारा आदेश हे दोन्ही कागदावर सारखेच लहान दिसतात. दोन्हींत एक ओळ कमी होते आणि एक ओळ वाढते. म्हणून अशी दुरुस्ती समोर आली की आधी ठरवावे लागते ते एवढेच, की हिने अक्षर बदलते की हक्क बदलतो. चाचणीच्या स्क्रिप्टमधल्या बारीक दुरुस्त्या तपासणाऱ्यासमोर नेमका हाच प्रश्न असतो. तो का असतो हे समजण्यासाठी आधी फाइल सिस्टीम म्हणजे काय आणि तिची चाचणी कशी घेतात हे पाहावे लागेल.

डिस्कला शिवार समजावे. तिचे समान आकाराचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, हे त्या शिवारातले गट होत; बहुतेक संगणकांवर असा एक ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असतो. नुसते शिवारात फिरून कोणता गट कोणाचा हे कळत नाही, त्यासाठी दप्तर पाहावे लागते. डिस्कचे हे दप्तर ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. फाइलचे नाव काय, तिची लांबी किती, ती कोणकोणत्या ब्लॉकांत पसरली आहे आणि कोणते ब्लॉक अजून मोकळे आहेत, या सर्व नोंदी ती ठेवते. लिनक्स या संगणकप्रणालीवर ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस अशा अनेक फाइल सिस्टीम आहेत. त्यांची दप्तरे लिहिण्याची पद्धत वेगवेगळी असली तरी काम हेच आहे.

अडचण अशी, की साध्यातल्या साध्या कामातही एकाहून अधिक नोंदी बदलाव्या लागतात. एक फाइल या डिरेक्टरीतून त्या डिरेक्टरीत हलवायची तर एका ठिकाणचे नाव खोडायचे, दुसऱ्या ठिकाणी लिहायचे आणि दोन्ही डिरेक्टऱ्यांचे आकडे बदलायचे. यांपैकी पहिली नोंद झाली आणि दुसरीपूर्वी वीज गेली, तर फाइल दोन्हीकडे दिसेल किंवा कोठेच दिसणार नाही. मराठवाड्यात ही काल्पनिक अडचण नव्हे. भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीला चिकटवून ज्यांनी संगणक शिकला त्या पिढीतल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी आलेला आहे.

यावरचा उपाय मामांच्या नोकरीतलाच आहे. खरेदीखत झाले म्हणून तलाठी थेट सातबारावर खाडाखोड करीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, काय बदलणार आहे ते लिहिले जाते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारा बदलतो. मधेच काम थांबले तरी फेरफार वाचून पुढचे पूर्ण करता येते आणि फेरफारच अर्धवट असेल तर तो सोडून देता येतो, कारण सातबाराला अजून हात लागलेला नसतो. बहुतेक आधुनिक फाइल सिस्टीममध्ये जर्नल नावाची जी जागा असते ती हीच फेरफार नोंदवही होय. वीज परत आल्यावर डिस्क माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडून घेताना, जर्नल वाचले जाते आणि पूर्ण झालेल्या नोंदी दप्तरात उतरवल्या जातात.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण पुष्कळ जाणकारांचाही यात घोटाळा होतो. जर्नल मुख्यतः दप्तर वाचवते, शेतातले पीक वाचवतेच असे नाही. ईएक्सटी४ आपल्या नेहमीच्या पद्धतीत फाइलचा मजकूर जर्नलमध्ये लिहीत नाही, फक्त नोंदी लिहिते. शिवाय लिहिलेला मजकूर काही काळ मेमरीतच थांबतो. लिनक्समध्ये ही मुदत साधारण ३० सेकंदांची असते. मजकूर डिस्कवर आत्ताच गेला पाहिजे असे प्रोग्रामने एफसिंक या आज्ञेने स्पष्ट सांगितले तरच तो थांबत नाही. २००९ मध्ये ईएक्सटी४ नव्याने वापरणाऱ्या काही जणांचे संगणक अचानक बंद पडल्यावर त्यांच्या सेटिंगच्या फाइली जागेवर सापडल्या, पण त्यांची लांबी शून्य होती. नोंद पोचली होती, पीक वाटेतच राहिले होते. पुढे ईएक्सटी४ मध्ये अशा नेहमीच्या प्रसंगांसाठी जास्तीची काळजी घेण्यात आली.

मग वीज गेल्यावर काय होईल याची चाचणी कशी घ्यायची? कोणी हजार वेळा प्लग उपटत बसत नाही. लिनक्समध्ये डिस्क आणि फाइल सिस्टीम यांच्यामध्ये डीएम-फ्लेकी नावाचा एक थर बसवता येतो. त्याला सांगितले, की तो त्या क्षणापासून डिस्ककडे जाणारे प्रत्येक लेखन घेतल्यासारखे करतो आणि गुपचूप टाकून देतो. वरच्या फाइल सिस्टीमला पत्ताही लागत नाही. नंतर ती डिस्क अनमाउंट करून हा थर पूर्ववत केला आणि पुन्हा माउंट केले, की डिस्कवर तेवढेच असते जेवढे त्या क्षणापर्यंत खरोखर लिहिले गेले होते, म्हणजे वीज गेल्यानंतर असते तेवढेच. मामांना ही युक्ती फार आवडली.

अशा चाचण्यांचा लिनक्सच्या जगातला सर्वांत मोठा संग्रह म्हणजे एफएसटेस्ट्स. त्याचे जुने नाव एक्सएफएसटेस्ट्स, कारण सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९४ मध्ये आपल्या आयरिक्स प्रणालीत आणलेल्या एक्सएफएससाठी तो जन्माला आला. पुढे एक्सएफएस लिनक्सवर आली आणि इतर फाइल सिस्टीमवाल्यांनीही हा संग्रह आपलासा केला. कोणत्याही फाइल सिस्टीमला लागू पडणाऱ्या चाचण्यांचा जो गट आहे त्यातच आज सातशेहून अधिक चाचण्या आहेत. त्यांतली जवळजवळ प्रत्येक चाचणी म्हणजे बॅश शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेत, लिहिलेली एक लहान स्क्रिप्ट असते.

या स्क्रिप्टचा निकाल लावण्याची रीत ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक चाचणीसोबत एक उत्तरसूची असते. चाचणी चालताना पडद्यावर जे जे छापेल, मग ते नेहमीचे आउटपुट असो की एरर, ते सगळे एका फाइलमध्ये गोळा केले जाते आणि उत्तरसूचीशी अक्षरशः ताडून पाहिले जाते. एका अक्षराचाही फरक पडला तर चाचणी नापास. लातूरच्या शिकवणीत बहुपर्यायी प्रश्नपत्रिका जशी उत्तरसूची ठेवून तपासतात तसाच हा कोरडा प्रकार आहे. त्यामुळे चाचणी लिहिणाऱ्याला प्रत्येक आज्ञेनंतर “ही यशस्वी झाली का” असे विचारत बसावे लागत नाही. आज्ञा फसली तर ती एरर छापेल, तो एरर उत्तरसूचीत नसेल आणि चाचणी आपोआप नापास होईल. ज्या माहितीची तुलना करायची नाही पण पुढे शोध घेताना जी उपयोगी पडेल ती तपशिलाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकतात. त्या फाइलकडे चाचणी नापास झाल्याशिवाय सहसा कोणी पाहत नाही. पास आणि नापास यांखेरीज तिसराही एक निकाल असतो. चाचणीला लागणारी सोय त्या यंत्रावर नसेल तर ती चालवलीच नाही असे नोंदवले जाते.

आता त्या एका ओळीकडे येतो. ती चाचणी अशी होती. एका डिरेक्टरीत काही फाइली तयार करायच्या, एफसिंक करायचे, वर सांगितलेल्या युक्तीने वीज घालवायची, पुन्हा माउंट करायचे आणि ती डिरेक्टरी आतल्या सर्व फाइलींसह काढून टाकायची. फाइल सिस्टीम धडधाकट असेल तर डिरेक्टरी निमूटपणे जाते. ज्या बगसाठी, म्हणजे दोषासाठी, ही चाचणी लिहिली होती तो असलेल्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, मात्र जर्नल वाचून झाल्यावर डिरेक्टरीच्या नोंदीत चुकीचा आकडा राहतो, त्यामुळे आतल्या फाइली गेल्या तरी डिरेक्टरी जात नाही आणि “डिरेक्टरी रिकामी नाही” असा एरर येतो. बगची बाहेर दिसणारी एवढी एकच खूण होती. काढून टाकण्याची आज्ञा प्रत्येक फाइलचे नाव छापत होती, ती लांबलचक यादी तपशिलाच्या फाइलमध्ये जावी आणि एरर मात्र तुलनेसाठी पडद्यावर यावा अशी मूळ लेखकाची योजना होती.

यासाठी त्याने वापरलेली भाषा विचित्र होती. शेलमध्ये आउटपुट आणि एरर यांना वळवण्याच्या सूचना डावीकडून उजवीकडे अमलात येतात. त्याने आधी लिहिले होते, “एररला तिकडे पाठवा जिकडे आत्ता आउटपुट चालले आहे,” आणि नंतर लिहिले होते, “आउटपुट फाइलकडे वळवा.” कालव्याच्या पाळीचा हिशेब करणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल. शेजाऱ्याचे पाणी आत्ता ज्या चारीने चालले आहे त्याच चारीने माझेही सोडा असे मी सांगितले आणि नंतर शेजाऱ्याने आपले पाणी दुसऱ्या चारीला लावले, तर माझे पाणी त्याच्यामागे जात नाही, ते पहिल्याच चारीने वाहत राहते. तसेच येथे एरर पडद्यावरच राहत होता आणि तेच हवे होते.

मात्र हा क्रम बहुतेक वेळा चुकून लिहिला जातो. आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलमध्ये घालायचे असतात आणि लिहिणारा क्रम चुकवतो. म्हणूनच शेलचेक नावाचे, स्क्रिप्टमधले दोष दाखवणारे प्रसिद्ध साधन हा क्रम दिसला की इशारा देते. पॅच पाठवणाऱ्याने तो इशारा पाहिला, दोन तुकडे पुढेमागे केले आणि “वळवण्याचा क्रम दुरुस्त केला” असे कारण लिहिले. त्याच्या हेतूत काही खोट नव्हती. पण त्याच्या ओळीने एररही तपशिलाच्या फाइलमध्ये जाऊ लागला आणि ज्या खुणेसाठी चाचणी लिहिली होती ती खूण तुलनेतून गायब झाली. यापुढे बग असो वा नसो, ही चाचणी पासच होणार होती.

मामा म्हणाले, “म्हणजे वेलांटीच्या नावाखाली नावच गेलं.” अगदी तसेच.

येथे चाचणीची स्क्रिप्ट आणि साधा प्रोग्राम यांच्यातला एक मूलभूत फरक दिसतो. साध्या प्रोग्राममध्ये चुकीची दुरुस्ती गेली तर काहीतरी बिघडते आणि वापरणारा तक्रार करतो. चाचणी चुकून नापास होऊ लागली तरी कोणीतरी त्रासून विचारणा करतो. पण चाचणी चुकून पास होऊ लागली तर कोणाचेच काही अडत नाही. ती वर्षानुवर्षे हिरवी दिसत राहते आणि बग परत येतो तेव्हा ती त्याला नमस्कार करून आत सोडते. त्यामुळे चाचणीतली दुरुस्ती तपासताना “यानंतर चाचणी पास होते का” हा प्रश्न दुय्यम मानावा. नापास व्हायला हवी तेव्हा ती अजून नापास होते का, हे आधी पाहावे. हे तपासण्याचा उपायही सरळ आहे. बग असलेला जुना कर्नल घ्यायचा आणि त्यावर बदललेली चाचणी चालवायची. जुना कर्नल हाताशी नसेल तर सध्याच्याच कर्नलमधली बग सुधारणारी ओळ मुद्दाम काढून तो पुन्हा बांधायचा. माझे दोन दिवस याच कामात गेले, कारण कर्नल बांधायला लागणारा वेळ आणि मामांच्या गावची वीज यांचा मेळ बसत नव्हता.

दुरुस्त्यांचे इतर काही प्रकार नेहमी येतात. त्यांत अवतरणचिन्हांचा प्रकार सर्वांत निरुपद्रवी वाटतो. शेलमध्ये व्हेरिएबलभोवती, म्हणजे माहिती साठवणाऱ्या नावाभोवती, अवतरणचिन्हे नसतील आणि त्यातल्या मजकुरात मोकळी जागा असेल, तर शेल त्याचे तुकडे करते. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे डिरेक्टरीचे नाव ठेवणारे व्हेरिएबल रिकामे निघाले आणि पुढची आज्ञा “या डिरेक्टरीखालचे सगळे काढून टाका” अशी असली, तर ती मूळ डिरेक्टरीपासून सफाई सुरू करू शकते. फाइल सिस्टीमच्या चाचण्या रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतात, तेव्हा अडवणारे कोणी नसते. म्हणून अवतरणचिन्हे घालणारी दुरुस्ती साधारणपणे स्वागतार्हच असते. पण येथे एक नुसत्या डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आहे, ती अशी की रिकाम्या व्हेरिएबलभोवती चिन्हे घातल्याने ते भरत नाही, म्हणून नाव खरोखर भरलेले आहे याची खात्री करणारी ओळ वेगळी लागते. उलट काही व्हेरिएबलांमध्ये माउंट करतानाचे अनेक पर्याय मोकळी जागा सोडून मुद्दाम एकत्र ठेवलेले असतात. त्यांना अवतरणचिन्हांत कोंबले की चार पर्यायांचा एकच निरर्थक पर्याय होतो. एकाच पॅचमध्ये तीस ठिकाणी चिन्हे घातलेली असतील तर तिसांपैकी प्रत्येक ठिकाण वेगळे वाचावे लागते. हे कंटाळवाणे आहे हे मान्य करूनच ते काम हाती घ्यावे.

ब्लॉकच्या आकाराची दुरुस्ती याहून गुंतागुंतीची असते. अनेक जुन्या चाचण्यांत ४,०९६ हा आकडा ठोकून बसवलेला आहे. आर्म आणि पॉवर जातीच्या काही यंत्रांवर कर्नल ६४ किलोबाइटांच्या पानांत मेमरी हाताळतो आणि तेथे ब्लॉकही तेवढाच मोठा ठेवता येतो. फाइलच्या मधला ४ किलोबाइटांचा भाग मोकळा करायला सांगितले आणि ब्लॉक ६४ किलोबाइटांचा असला, तर फाइल सिस्टीम तो ब्लॉक सोडू शकत नाही, कारण त्याच्या उरलेल्या भागात मजकूर आहे. ती तेवढ्या जागेत शून्ये लिहून ठेवते. फाइलमध्ये भोक पडलेले मोजायला आलेली चाचणी मग तेथे नाहक नापास होते. यावर येणारी दुरुस्ती म्हणजे ठोकलेला आकडा काढून ब्लॉकचा आकार फाइल सिस्टीमलाच विचारणे आणि सगळे माप त्याच्या पटीत घेणे. दुरुस्ती योग्यच दिसते. पण मूळ बग जर ब्लॉकच्या अर्ध्यातून सुरू होणाऱ्या मापालाच उद्भवत असेल, तर सगळी मापे पूर्ण ब्लॉकांवर आणून बसवल्यावर तो पुन्हा कधीच पकडला जाणार नाही. या प्रश्नाचे उत्तर पॅचमध्ये नसते, चाचणीच्या इतिहासात असते. गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ती ओळ पहिल्यांदा कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने लिहिली हे पाहता येते. मामांच्या शब्दांत सांगायचे तर मराठवाड्यात हक्काचा जुना वाद निघाला की आजचा सातबारा पुरत नाही, १९५४-५५ चे खासरा पत्रक काढून पाहावे लागते.

पाइपची गंमत थोडक्यात सांगतो. दोन आज्ञा पाइपने जोडल्या, म्हणजे पहिलीचे आउटपुट दुसरीला दिले, की यशापयशाचा निकाल शेल शेवटच्या आज्ञेवरून ठरवते. पहिली आज्ञा सपशेल फसली आणि तिचे आउटपुट गाळून देणारी दुसरी आज्ञा सुखरूप संपली, तर सगळे सुखरूप मानले जाते. यावर पहिल्या आज्ञेचेही अपयश मोजण्याचा पर्याय संपूर्ण स्क्रिप्टला लावणारी दुरुस्ती कधी कधी येते. मजकुरात शब्द शोधणारी ग्रेप ही आज्ञा मात्र शोधलेला शब्द सापडला नाही की आपण अपयशी ठरलो असे कळवते आणि काही चाचण्यांत तो शब्द न सापडणे हेच अपेक्षित असते. म्हणून एका ओळीसाठी संपूर्ण स्क्रिप्टचा नियम बदलणारा पॅच परत पाठवून ती एकच ओळ दुरुस्त करायला सांगणे मला अधिक बरे वाटते.

काही दुरुस्त्यांबद्दल माझे मत उघडपणे प्रतिकूल आहे. कधी पास आणि कधी नापास होणाऱ्या चाचणीत थांबण्याचा काळ १ सेकंदाचा ५ सेकंद करणे ही त्यांतली पहिली. मागे चालणारे काम संपण्याची वाट पाहायची असेल तर त्या कामाचीच वाट पाहावी, घड्याळाची पाहू नये. मंद यंत्रावर ५ सेकंदही पुरत नाहीत आणि वेगवान यंत्रावर ते वाया जातात. असे ४ जास्तीचे सेकंद सातशे चाचण्यांत शिरले तर प्रत्येक फेरीमागे पाऊण तासाहून अधिक वेळ नुसता थांबण्यात जाईल. दुसरी म्हणजे स्क्रिप्ट तशीच ठेवून उत्तरसूची बदलणे. तिचे समर्थन कधी कधी करता येते. एरर संदेशातल्या नावाभोवती कोणत्या प्रकारची चिन्हे छापायची हे यंत्राच्या भाषासेटिंगवर आणि आवृत्तीवर अवलंबून असते, तेव्हा फरक चाचणीचा नसतोच. पण अशा वेळी तो फरक गाळणीत गाळून टाकावा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही यंत्रांवर उत्तर एकच येईल. विद्यार्थ्याने जे लिहिले त्याप्रमाणे उत्तरसूची सुधारली तर परीक्षा घेण्याचे कारणच उरत नाही. तिसरी दुरुस्ती चाचणीच्या सुरुवातीला एखादी अट घालून ज्या यंत्रावर ती नापास होते तेथे चालवलीच जाऊ नये अशी सोय करते. अट नेमकी असेल तर ती रास्तच आहे. ती गरजेपेक्षा रुंद असेल तर चाचणी सगळीकडेच गप्प बसते आणि अहवालात मात्र नापासांचा आकडा सुंदर दिसतो.

सफाईच्या दुरुस्त्यांना मी सहसा लवकर होकार देतो. चाचणी संपताना मागे चालू ठेवलेली कामे बंद करणे, माउंट काढणे, लूप डिव्हाइस, म्हणजे डिस्क म्हणून वापरलेली फाइल, सोडणे हे राहून गेले तर त्याचा भुर्दंड पुढच्या निरपराध चाचणीला बसतो. तेवढे पाहावे की काम बंद करायला सांगितल्यावर ते खरोखर संपेपर्यंत थांबले आहे ना. नाहीतर डिस्क अजून वापरात आहे असे कारण देऊन अनमाउंट फसते.

पॅच वाचताना आणखी एक सवय उपयोगी पडते. पॅचमध्ये बदललेल्या ओळीच्या वर आणि खाली प्रत्येकी तीनच ओळी दाखवल्या जातात. तेवढ्या खिडकीतून पाहून मत देऊ नये, संपूर्ण फाइल उघडावी. बदललेले व्हेरिएबल खाली चाळीस ओळींनंतर दुसऱ्याच कामाला वापरलेले असू शकते. तसेच चाचण्या बऱ्याचदा जुन्या चाचणीची नक्कल करून लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका ठिकाणची चूक आणखी पाच ठिकाणी तशीच बसलेली सापडते. ती शोधून देणे हे तपासणाऱ्याचे काम आहे, पण ती सगळी त्याच पॅचमध्ये सुधारावीत असा आग्रह मी धरत नाही. एका पॅचमध्ये एकच विषय असला की पुढे काही बिघडल्यास तेवढाच मागे घेता येतो.

तपासणी संपल्यावर पॅचखाली तपासणाऱ्याचे नाव लिहिले जाते. लिनक्सच्या परंपरेत या खुणांचे अर्थ ठरलेले आहेत. “चालवून पाहिले” आणि “वाचून तपासले” या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि एक केली म्हणजे दुसरी केली असे होत नाही. तपासल्याची नोंद म्हणजे दुरुस्तीत यापुढे दोष निघणारच नाही अशी हमी नव्हे, हे कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. बदलाची गरज आणि त्याची रीत आपल्याला पटली, घेण्यासारखे आक्षेप घेऊन झाले आणि त्यांची उत्तरे समाधानकारक वाटली, एवढेच त्या नावाने सांगितले जाते. मंडळ अधिकाऱ्याची सही फेरफारावर ज्या अर्थाने असते त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे.

त्या पॅचला मी उत्तर लिहिले ते आज्ञार्थी नव्हते. जुन्या कर्नलवर मूळ चाचणी नापास होते आणि बदललेली चाचणी पास होते, एरर आता तपशिलाच्या फाइलमध्ये जात आहे, तेव्हा हेतू तोच होता का, एवढे विचारले आणि दोन्ही वेळचे आउटपुट सोबत जोडले. तुमचे चुकले असे म्हणण्याऐवजी मला असे दिसले असे लिहिले की समोरचा स्वतःच ओळ पुन्हा वाचतो. त्याचे उत्तर रात्रीच आले. त्याने क्रम बदलण्याचा विचार सोडून दिला होता. चाचणी जे काही छापते त्यात एरर आधीपासून धरलेलाच असतो, मग त्याला पडद्याकडे वळवण्याची वेगळी सूचना हवीच कशाला, असे म्हणून त्याने तो तुकडाच काढून टाकला होता आणि वर एक टिपण लिहिले होते, की येथला एरर मुद्दाम तुलनेसाठी सोडलेला आहे. शेलचेकचा इशाराही त्यामुळे बंद झाला.

सकाळी वीज आल्यावर मी दुसरी आवृत्ती दोन्ही कर्नलवर चालवली. जुन्यावर “डिरेक्टरी रिकामी नाही” हा एरर तुलनेत आला आणि चाचणी नापास झाली. नव्यावर ती पास झाली. मामा मागे उभे राहून पाहत होते. “आता सही कर,” म्हणाले. मी पॅचखाली तपासल्याची आणि चालवून पाहिल्याची अशा दोन्ही नोंदी लिहिल्या आणि पाठवून दिल्या.